दोन गिअरबॉक्स आणि एक बिजागरी

लॉन ट्रॅक्टर एकदम मोडत नाही. आधी सडतो तो त्याच्या पोटाखालचा पत्रा. अमेरिकेत घराभोवती अर्धा-एक एकर हिरवळ राखणारी माणसं या छोट्या ट्रॅक्टरवर बसून गवत कापतात. ओल्या गवताचा चोथा पात्यांवरच्या झाकणाला आतून चिकटून राहतो, पत्र्याला गंज चढतो आणि काही वर्षांत भोकं पडतात. नवं झाकण बसवण्याचा खर्च जुन्या ट्रॅक्टरच्या किमतीच्या आसपास जातो, म्हणून मालक तो विकून टाकतो. इंजिन मात्र चालू असतं आणि गिअरबॉक्सही ठणठणीत असतो. असं यंत्र तिथे शंभर-दोनशे डॉलरला मिळतं, कधी नुसतं उचलून नेण्याच्या बोलीवरही. अशी दोन यंत्रं गॅरेजात आणायची आणि त्यांतून चारही चाकांनी ओढणारी, जळण, माती, खत वाहणारी एक गाडी घडवायची, ही तिथल्या खेड्यापाड्यांतली मुरलेली कारागिरी आहे.

तिचं मूळ जुनं आहे. १९३० च्या मंदीत ज्यांना ट्रॅक्टर परवडत नव्हता, अशा शेतकऱ्यांनी फोर्डच्या मॉडेल टी आणि मॉडेल ए मोटारी कापून, चेसिस आखूड करून ट्रॅक्टर बनवले. वेग कमी आणि ओढ जास्त मिळावी म्हणून कित्येकांनी एकामागे एक असे दोन गिअरबॉक्स बसवले. या गाड्यांना ‘डूडलबग’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धात नवे ट्रॅक्टर मिळेनासे झाले तेव्हाही याच गाड्यांनी शेतं सांभाळली. युद्धानंतर शहरांबाहेर वसाहती पसरल्या, हिरवळी वाढल्या आणि छोट्या ट्रॅक्टरांचा धंदा उभा राहिला. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ मध्ये ‘कब कॅडेट’ आणला. त्याची मागची गिअरपेटी कंपनीच्याच ‘फार्मॉल कब’ या शेतीच्या ट्रॅक्टरवरून घेतलेली होती. ओतीव लोखंडाची ती पेटी आजही जुळारी लोक हुडकत फिरतात. त्यामागचं कारण निव्वळ मजबुती एवढंच नाही. ते पुढे येईल.

साध्या लॉन ट्रॅक्टरची रचना समजली की पुढचा सगळा खटाटोप उलगडतो. इंजिन एका सिलिंडरचं किंवा फार तर दोन, बहुधा १० ते २० अश्वशक्तीचं. त्याचा शाफ्ट उभा, खाली तोंड करून असतो, कारण पाती जमिनीला समांतर फिरवायची असतात. गव्हर्नर त्याला मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या वर जाऊ देत नाही. तिथून एक पट्टा मागे गिअरपेटीच्या पुलीवर जातो. क्लचची प्लेट नसतेच. एक सुटी पुली पट्ट्याला ताण देते. पेडल दाबलं की ताण सुटतो, पट्टा घसरतो आणि गाडी थांबते. मागच्या पेटीत गिअर, डिफरन्शियल आणि चाकांचे एक्सल हे सगळं एकाच कवचात असतं. तिला ट्रान्सअॅक्सल म्हणतात. ओढतात ती फक्त मागची दोन चाकं.

मग चारही चाकं ओढायला लावायची तर दुसऱ्या ट्रॅक्टरची पेटी पुढे बसवली की झालं, असं वाटतं. पहिली ठेच इथेच लागते. पुढची पेटी तोंड फिरवून बसवावी लागते, म्हणजे तिची चाकं उलटी फिरतात. वरून पट्ट्याने फिरणाऱ्या उभ्या शाफ्टच्या पेटीला हे चुकत नाही: पुली पूर्वीच्याच दिशेने फिरते, पेटी मात्र अर्धा फेरा वळलेली असते. गाडीची मागची चाकं पुढे आणि पुढची चाकं मागे जायला बघतात. यावर काही जण पट्ट्याला पीळ देतात. काही पेटी पालथी घालतात, पण मग तेल हवेच्या भोकातून गळायला लागतं. जाणता मिस्त्री पेटी उघडतो आणि रचना परवानगी देत असेल तर आतला शंकूच्या आकाराचा मोठा गिअर छोट्या गिअरच्या दुसऱ्या बाजूला नेऊन बसवतो. बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही आणि दिशा मात्र बदलते.

कब कॅडेटच्या जुन्या पेटीला मान आहे तो याच जागी. पहिल्या मॉडेलनंतर लवकरच त्या ट्रॅक्टरात पट्ट्याची जागा आडव्या शाफ्टने घेतली. अशा दोन पेट्या समोरासमोर ठेवून मधून एकच शाफ्ट फिरवला, तर दोन्हीकडची चाकं आपोआप एकाच दिशेने जातात. कागदावर बाण काढून बघा. पटायला वेळ लागतो, पण एकदा पटलं की ही मांडणी विसरता येत नाही.

दुसरी अडचण तालमेळाची. पुढचा एक्सल आणि मागचा एक्सल कडक जोडलेले असले तर दोघांनी एकाच वेगाने जायलाच हवं. टायरच्या मापात थोडाही फरक असला, किंवा एक पेटी पहिल्या गिअरमध्ये नि दुसरी दुसऱ्यात असली, तर असमान चालीच्या बैलांमध्ये जू पिळवटावं तसा शाफ्ट पिळवटतो. चिखलात चाकं घसरून तो ताण मोकळा होतो, डांबरावर होत नाही. म्हणून दोन्ही पेट्या एकाच बनावटीच्या घेतात, दोन्हींचे गिअर कायमचे एकाच जागी ठेवतात आणि वेग बदलायला इंजिनाजवळ एक वेगळा गिअरबॉक्स बसवतात.

वळायचं कसं, याचं उत्तर मला या साऱ्या कारागिरीतलं सर्वांत देखणं वाटतं. ट्रान्सअॅक्सलची चाकं वळत नाहीत, ती सरळच राहणार. तेव्हा गाडीच मधोमध कापायची आणि बिजागरीने जोडायची. पुढचा अर्धा भाग हायड्रॉलिक सिलिंडरने किंवा स्टिअरिंगच्या दांड्याने वळवला की गाडी कमरेत मुडपते. बिजागरी दोन्ही एक्सलांच्या बरोबर मध्ये असेल तर मागची चाकं पुढच्या चाकांच्या चाकोरीतूनच जातात. दोन्ही एक्सल सारखंच अंतर कापतात आणि वळणावरचा तो पीळ राहतच नाही. बिजागरी काही इंच पुढे-मागे सरकली की हा फायदा कमी होतो. शिवाय आणखी एक सांधा लागतो, लांबीच्या दिशेने फिरणारा, म्हणजे एक चाक दगडावर चढलं तरी बाकीची तीन जमीन सोडत नाहीत. या गाड्यांना पाटे किंवा स्प्रिंग क्वचितच असतात. हा सांधाच ते काम करतो. बिजागरीतून शाफ्ट नेताना युनिव्हर्सल जॉइंटचा क्रॉस बिजागरीच्या खिळ्याच्या रेषेतच यावा लागतो. जुन्या ट्रकच्या शाफ्टचे तुकडे इथे कामी येतात.

आता मर्यादांबद्दल, कारण गाड्या मोडतात आणि माणसं जखमी होतात ती इथे. लॉन ट्रॅक्टर ताशी आठेक किलोमीटरने चालायला बनवलेला असतो. २० इंची टायरच्या जागी २५ इंची घातला की वेग पाव पटीने वाढतो, ओढ मात्र पाचव्या हिश्शाने घटते आणि तीच ओढ हवी असेल तर दात्यांवरचा भार वाढतो. तेवढं चालतं. पण पुली बदलून कुणी ताशी ३० किलोमीटर गाठले, तर थांबवायची ऊर्जा सुमारे चौदा पट होते आणि ब्रेक तोच, पेटीच्या शाफ्टवरची छोटी चकती. असा वेग वाढवणं मला कारागिरी वाटत नाही. गाडी उतारावर मुडपलेली असताना तिचा तोल एका बाजूला झुकतो. डोक्यावर पाइपचा पिंजरा आणि कमरेला पट्टा नसेल तर तिच्यावर बसूच नये.

कावासाकीने १९८८ मध्ये ‘म्यूल’ आणि जॉन डिअरने १९९२ मध्ये ‘गेटर’ आणल्यापासून अशा कामाच्या गाड्या दुकानात मिळतात. नामांकित कंपनीची, चारही चाकं ओढणारी नवी गाडी मात्र महाग पडते. घरगुती गाड्या टिकून आहेत त्या काही अंशी यामुळे, आणि काही अंशी घडवण्याच्या आनंदामुळे.

आपल्याकडे लॉन ट्रॅक्टर फारसे नाहीत, पण हे डोकं नक्की आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किकने सुरू होणारी छोटी जीप घडवली आणि आनंद महिंद्रांनी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली, हे सर्वांना आठवत असेल. अशी गाडी नियमांत बसत नाही, तिला रस्त्यावर अडवलं जाईल, हेही तेव्हा महिंद्रांनी स्पष्ट सांगितलं होतं. याच डोक्याला वाव देणारी, अभियांत्रिकीच्या मुलांसाठी असलेली बाहा स्पर्धा १९७६ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचं दहा अश्वशक्तीचं छोटं इंजिन लावून तिथे अनेक वर्षं खडकाळ जमिनीवर चालणारी गाडी घडवायची असे. तिची भारतीय आवृत्ती २००७ पासून होते आणि पुण्या-मुंबईची मुलं पीथमपूरच्या धुळीत आपल्या गाड्या पळवून आली आहेत.

पण ही संधी पदवीच्या मुलांपुरती राहू नये. कोकणात जुने पॉवर टिलर गोठ्यामागे गंजत पडलेले असतात. आयटीआयच्या शिक्षकांनी असे एकाच बनावटीचे दोन टिलर मिळवावेत, मुलांकडून त्यांचे गिअरबॉक्स उघडून घ्यावेत, आणि शेताच्या बांधाआतच चालणारी, हळू, मजबूत गाडी करायला सांगावं. वेल्डिंगला हात घालण्यापूर्वी एवढं जरूर करा: दोन्ही पेट्या गाडीत जशा बसणार तशा जमिनीवर मांडा, चाकांवर खडूने बाण काढा आणि पुली हाताने फिरवून बघा. दोन्हीकडचे बाण एकाच दिशेने गेले, तरच चॅनेल कापायला घ्या.