नदीकाठची मॅरेथॉन आणि शेवटचा धावपटू

गावातल्या प्रत्येक शर्यतीला आपण मॅरेथॉन म्हणतो. पण खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. नदीकाठी ती छोट्या प्रमाणात भरवायची, तर निम्मे अंतर जाऊन त्याच रस्त्याने परतायचे. पाण्याचे एकच टेबल दोनदा कामी येते. जाताना प्रवाहाच्या उलट जावे, जसे कृष्णाकाठी वाईहून मेणवलीकडे. म्हणजे पाय थकल्यावर परतीची वाट एकंदरीत उताराची मिळते. हे मुलांना नकाशावर शोधायला सांगा.

एवढे अंतर मुलांना पळवू नका, त्यांना पाणी द्यायला उभं करा. धावणारे थोडेच, त्यामुळे मागचा माणूस तासन्‌तास एकटाच असतो. नदीकाठ कितीही सुंदर असो, ऊन चढलं की ते जाणवतंच. म्हणून नियम एकच: शेवटचा धावपटू येईपर्यंत टेबल उचलायचं नाही. मुलांसाठी खरा धडा हाच, बरं का!