ताठा वाकवणारी वाट
गीतेच्या सहाव्या अध्यायात मन आवरत नाही म्हणून अर्जुन हात टेकतो. कृष्ण ती अडचण नाकारत नाही; अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगतो. त्यातल्या अभ्यासाला वारकऱ्यांनी शरीराची जोड दिली. पंढरीच्या वाटेवर ते एकमेकांच्या पाया पडतात, वय वा हुद्दा न विचारता. ताठा नुसत्या विचाराने जात नाही, वाकण्याच्या सवयीने सैल होतो. हा निव्वळ उपचार, असा आक्षेप येतो आणि त्यात तथ्य आहे: विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून 1947 मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. पण त्याने साधना खोटी ठरत नाही, अपुरी ठरते. शिवाय नम्रतेचाही गर्व चढतो, आणि तो जास्त चिवट! म्हणून आषाढीपुरते नव्हे, घरातही रोज वाकून पाहावे.