लक्षात राहणारी जाहिरात

ठाकुर्लीच्या स्थानकावर धीमी लोकल जेमतेम अर्धा मिनिट थांबते; जलद गाडी तर तेथे थांबतच नाही. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाच्या दृष्टीस रोज रुळांलगतचे कितीतरी फलक पडतात. परंतु घरी पोहोचल्यावर ‘त्यांतील दोन तरी सांगा’ असे कोणी म्हटले, तर बहुतेकांची पंचाईत होईल. फलक लावणाऱ्याचे द्रव्य मात्र खर्च झालेले असते. मोठ्या कारखानदारास ही हानी सोसवते. पण घरी थालीपिठाची भाजणी करून विकू पाहणाऱ्या गृहिणीची वर्षाची शिल्लक अशा एका जाहिरातीपायी बुडू शकते. म्हणून जाहिरात लक्षात कशी राहते, हा प्रश्न आपल्या घरांचाही आहे.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर मानसशास्त्राने पूर्वीच देऊन ठेविले आहे. हेरमान एबिंगहाउस या जर्मन पंडिताने स्वतःवरच प्रयोग करून स्मरणशक्तीविषयीचा आपला ग्रंथ 1885 साली प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरे पाठ करावयास जेवढे श्रम पडतात, त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शात अर्थपूर्ण कविता पाठ होते, असे त्यांना आढळले. दुसरे असे की, एकाच दिवशी 68 वेळा घोकून जे साधते, तेच तीन दिवसांत विभागून केलेल्या 38 आवृत्तींनी साधते. सारांश, अर्थ, लय आणि थोड्या थोड्या अंतराने होणारी पुनरावृत्ती हे स्मृतीचे तीन आधार होत. रोज त्याच वाटेने जाणाऱ्या प्रवाशास पुनरावृत्ती आयतीच लाभते. उणीव असते ती अर्थाची.

याचे उत्तम उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. ठाकुर्लीच्या शेजारीच डोंबिवलीत विको कंपनीचा कारखाना आहे. केशव विष्णु पेंढरकर यांनी 1952 साली ही कंपनी स्थापन केली. ‘विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी’ या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘विको’ हा शब्द सिद्ध झाला. डोंबिवलीतील एक महाविद्यालयही पेंढरकरांच्या नावाने ओळखले जाते. या कंपनीच्या जाहिरातगीताची चाल चित्रपटगृहांतून आणि पुढे दूरदर्शनवरून घरोघर पोहोचली. 1984 साली सुरू झालेली ‘ये जो है जिंदगी’ ही मालिका तिने पुरस्कृत केली होती, हे पुष्कळांना स्मरत असेल.

आता त्या गीतात होते तरी काय? वस्तूचे नाव, हळदीचा उल्लेख आणि हे सौंदर्यप्रसाधन नव्हे, असा एक ठाम दावा. हळद म्हटली की आपल्या मनात स्वयंपाकघर, जखमेवर दाबलेली चिमूट आणि लग्नाच्या आदल्या दिवसाचा समारंभ ही चित्रे आपोआप उभी राहतात. नव्या वस्तूस जुन्या ओळखीच्या ठिकाणी बसविले, हेच त्या जाहिरातीचे मर्म.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. अबकारी खात्याचे म्हणणे असे की, ही औषधे नसून सौंदर्यप्रसाधनेच आहेत. आणि तशी ठरली असती तर करही अधिक बसता. 1978 च्या सुमारास सुरू झालेला हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि अखेर सर्वोच्च न्यायालयात कंपनीच्या बाजूने निकाल लागला. गाण्यात जे सांगितले, तेच न्यायासनापुढे सिद्ध करावे लागले! जे वाक्य आपण न्यायालयात उच्चारण्यास कचरू, ते जाहिरातीतही घालू नये, हा यातील धडा आहे. कारण लक्षात राहिलेले असत्य विसरले गेलेल्या असत्याहून विक्रेत्यास अधिक घातक ठरते. गिऱ्हाईक त्या वाक्याशीच माल ताडून पाहते.

आता आपल्या भाजणीवाल्या गृहिणीकडे परत येऊ. ‘शुद्ध, सात्त्विक, रुचकर, पौष्टिक व माफक दरात’ अशी पाच विशेषणे तिने कागदावर छापली, तर ती कोणत्याही मालास लागू पडतील, आणि म्हणूनच कोणाच्याही स्मरणात राहणार नाहीत. त्याऐवजी ‘धान्ये वेगवेगळी भाजून दर शनिवारी दळलेली भाजणी’ एवढेच लिहावे. यात वार आहे, कृती आहे, आणि वाचताच नाकाशी येणारा खमंग वासही आहे. हेच वाक्य पुडीवर, दुकानाच्या पाटीवर आणि तोंडी बोलण्यातही न बदलता वापरावे. आठवड्याला नवी कल्पना काढण्याचा मोह आवरावा; आपणांस वाक्याचा कंटाळा येऊ लागतो, तेव्हा कोठे ते लोकांच्या कानी पडू लागलेले असते.

मात्र एक पथ्य अवश्य पाळावे. एखाद्या शनिवारी दळण झाले नाही, तर त्या आठवड्यात भाजणी विकू नये. गिऱ्हाइकाच्या लक्षात राहिलेला शनिवार खरा ठरला, तरच ते पुढच्या शनिवारी पुन्हा दाराशी येईल.