रिड्यूसर बदला, स्टोअर राहू द्या

समजा, तुम्ही तिकीट बुकिंगचं अ‍ॅप बनवताय. प्रवाशांची नावं भरली, सीट निवडल्या, आणि चौथ्या पायरीवर भाड्याची बेरीज चुकलेली दिसली. रिड्यूसरमधली एक ओळ सुधारून सेव्ह केलीत, की पान रिफ्रेश होतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून भरा! दिवसातून तीस वेळा असं झालं की माणूस तपासायचाच कंटाळा करतो. चुका तिथेच निसटतात.

यावर उपाय आहे हॉट रीलोडिंग, म्हणजे चालू पान न थांबवता फक्त बदललेली फाइल आत घेणं. रिअ‍ॅक्टच्या कंपोनंटचं काम फास्ट रिफ्रेश सांभाळतं. रिडक्सच्या रिड्यूसरसाठी मात्र दोन-तीन ओळी आपणच लिहायच्या.

पहारा बदलतो तेव्हा संत्री बदलतो, चौकी आणि नोंदवही तिथेच राहतात. आपली चौकी म्हणजे स्टोअर, नोंदवही म्हणजे स्टेट, संत्री म्हणजे रिड्यूसर. म्हणून रिड्यूसर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. दोन्ही एकत्र असतील तर ती फाइल पुन्हा चालते आणि नवं, कोरं स्टोअर उभं राहतं. स्टोअरच्या फाइलमध्ये 'मॉड्यूल डॉट हॉट' आहे का ते तपासा. प्रॉडक्शनमध्ये ते नसतं. असेल तर त्याच्या 'अ‍ॅक्सेप्ट'ला रिड्यूसरच्या फाइलचा पत्ता द्या, आणि बदल आला की नवा रिड्यूसर स्टोअरच्या 'रिप्लेसरिड्यूसर'कडे सोपवा. हे झालं वेबपॅकचं. व्हीटमध्ये (बांधकामाची वीट नव्हे बरं का!) त्याच जागी 'इम्पोर्ट डॉट मेटा डॉट हॉट' येतं.

रिडक्सचा जन्मच यातून झाला. 2015 साली पॅरिसच्या रिअ‍ॅक्ट युरोप परिषदेत डॅन अब्रामोव्ह यांनी हॉट रीलोडिंग आणि टाइम ट्रॅव्हल एकत्र करून दाखवलं. रिड्यूसर बदलला की रिडक्स डेव्हटूल्स आधीच्या सगळ्या अ‍ॅक्शन नव्या रिड्यूसरमधून पुन्हा चालवतं. त्यामुळे मघाची चुकीची बेरीज जागच्या जागी सुधारलेली दिसते. अट एकच, रिड्यूसर शुद्ध हवा. आत घड्याळ पाहिलंत किंवा रँडम आकडा काढलात, तर दर फेरीला उत्तर वेगळं येईल.

डेव्हटूल्स जोडलेलं नसेल तर एक खड्डा आहे. सुरुवातीच्या स्टेटमध्ये तुम्ही 'सवलत' हा नवा रकाना घातलात, तरी चालू स्टेटमध्ये तो येत नाही, कारण सुरुवातीचं स्टेट फक्त पहिल्यांदाच वापरलं जातं. स्क्रीनवर 'अनडिफाइन्ड' किंवा 'नॅन' दिसेल आणि तुम्ही उगाच बेरजेत चूक शोधत बसाल. स्टेटचा आकार बदललात की सरळ एफ पाच दाबा.