वाटाणा घरात रुजवताना

महाराष्ट्रात रब्बीचा वाटाणा ऑक्टोबर-नोव्हेंबरात थेट वाफ्यात टोकला की भागतं. न्यू जर्सीत किंवा इंग्लंडात परसबाग करणाऱ्या आपल्या मंडळींना तसं जमत नाही. मार्चमध्ये तिथली माती गार आणि चिंब असते. वाटाणा ५ अंश सेल्सिअसलाही रुजतो, पण महिनाभर लावतो; तोवर बी कुजतं किंवा उंदीर उकरून खातात. २० अंशांना हेच काम साधारण आठवड्यात होतं. घराच्या उबेचा उपयोग एवढ्यापुरताच.

आधी दाणा पाहून घ्या. गुळगुळीत दाण्याचे वाण थंडीला काटक. सुरकुतलेल्या दाण्यात साखर जास्त, म्हणून शेंगा गोड. पण गार चिखलात आधी कुजतो तोच. मेंडेलने आपल्या प्रयोगांत घेतलेली गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांची जोडी ती हीच. गोड वाण लावणार असाल, तर घरात रुजवणं खरोखर फायद्याचं.

बी रात्रभर भिजवा, त्याहून जास्त नको. वाटाण्याच्या मुळांना हलवाहलव सोसत नाही, म्हणून टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळ्या उत्तम. रोप नळीसकट जमिनीत जातं. नळीत कुंडीची भुसभुशीत माती भरून बी इंचभर खोल टोचा. माती ओलसर हवी, चिखल नको.

कोंब मान वाकवून वर येतो. फरसबीच्या जाड डाळी मातीबाहेर येतात, वाटाण्याच्या खालीच राहतात. त्यामुळे शेंडा खुडला गेला तरी खालच्या डोळ्यातून नवा फुटवा येऊ शकतो.

कोंब दिसताच नळ्या उबेतून हलवा. इथेच बहुतेकांची माया आड येते. हीटरजवळ रोपं भराभर उंच होतात आणि लुळी पडतात. त्यांना १० ते १५ अंशांची गार खोली आणि भरपूर उजेड हवा. तीन-चार आठवड्यांत रोपं लावणीजोगी होतात. लावणीआधी आठवडाभर ती दिवसा बाहेर ठेवून वाऱ्याची सवय लावा.

लावताना दोन रोपांत ५-७ सेंटिमीटर अंतर ठेवा आणि जाळी त्याच दिवशी उभारा, तणावे लगेच आधार शोधू लागतात. नळीची कड मातीबाहेर ठेवू नका. पुठ्ठा मुळांजवळची ओल शोषून हवेत उडवतो. हलक्या हिमकणांची भीती बाळगू नका, कोवळी रोपं ते सोसतात. धास्ती उन्हाची धरा: पारा तिशीजवळ गेला की फुलं गळू लागतात. तेव्हा थंडी पुरती सरण्याची वाट न पाहता लावणी उरका.