८ नंबरची क्रोशाची सुई नेमकी कोणती?

पॅटर्नमध्ये नुसतं '८ नंबर' दिसलं, तर आधी तो पॅटर्न कुठल्या देशाचा आहे ते बघा. अमेरिकेतली एच-८ सुई ५ मिमीची. जुन्या ब्रिटिश मापात ८ म्हणजे ४ मिमी, कारण तिथे आकडा वाढला की सुई बारीक होते. जपानी ८/० पुन्हा ५ मिमी! आणि बारीक दोऱ्याच्या लेससाठी ज्या स्टीलच्या सुया असतात, त्यांचा क्रम अमेरिकेतही उलटाच: १४ नंबरची सुई जेमतेम ०.७५ मिमी. म्हणून मी फक्त मिमी बघते. सुईवरचा नंबर पुसला असेल, तर सरळ दांड्याची जाडी मोजा, टोकाजवळच्या निमुळत्या मानेची नको. आणि हो, हात घट्ट असेल तर योग्य सुईनेही वीण लहान येते, तेव्हा नमुन्याचा चौकोन आधी विणून बघाच.