लोअर आर्म: पुढून येणाऱ्या आवाजाचा तपास

पावसाळा ओसरला, की गॅरेजात येणाऱ्या गाड्यांची एक ठरलेली तक्रार असते, "पुढून आवाज येतोय." मालकाच्या मते शॉकअप गेलेले असतात. शेजाऱ्याने स्टेअरिंग बॉक्सचं नाव घेतलेलं असतं. गाडी जॅकवर चढल्यावर मात्र पुष्कळदा दोष निघतो तो लोअर आर्ममध्ये, ज्याचं नावही मालकाने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलेलं असतं.

भाग तसा साधा. दाबलेल्या पत्र्याचा, ओतीव लोखंडाचा किंवा महाग गाडीत ॲल्युमिनियमचा, हातभर लांबीचा तुकडा. एका बाजूला दोन रबरी बुश, त्यांतून तो गाडीच्या क्रॉसमेंबरला बोल्टने धरलेला. दुसऱ्या टोकाला बॉल जॉइंट. आपल्या खांद्याच्या सांध्यासारखी खोबणीत फिरणारी गोळी, तिच्यावर ग्रीस आणि वरून रबरी बूट. चाकाने वर-खाली खुशाल व्हावं, पण पुढे-मागे किंवा आत-बाहेर सरकू नये, एवढंच आर्मचं काम. आर्म स्वतः सहसा झिजत नाही. झिजतात ते बुश आणि बॉल जॉइंट.

जुन्या गाड्यांत हे काम दोन आर्म वाटून घ्यायचे. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला वर एक आणि खाली एक आर्म होता. वरच्या आर्मची सुट्टी केली ती अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने. जनरल मोटर्समध्ये असताना छोट्या शेव्हरोलेसाठी त्याने वेगळी रचना आखली. ती गाडी बाजारात आलीच नाही. मग तो फोर्डमध्ये गेला, आणि 1950 मध्ये लंडनला दाखवलेल्या कॉन्सल आणि झेफर या गाड्यांना ही रचना बसली. स्प्रिंग आणि शॉकअप यांचा एकच खांब, खाली एकच आर्म. स्वस्त, आटोपशीर, इंजिनाला जागा मोकळी. 1983 साली मारुती 800 हीच रचना घेऊन आपल्याकडे आली आणि आज बहुतेक छोट्या गाड्या तिच्यावरच चालतात.

आता त्या बुशांवर काय गुदरतं ते पाहा. पुढचा बुश कडक असतो, वळणावरचा आडवा जोर तो घेतो. मागचा बहुधा मोठा आणि मऊ. ब्रेक लागला किंवा चाक खड्ड्यात आपटलं, की मागे जाणाऱ्या चाकाचा धक्का त्याने गिळायचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गोल स्पीडब्रेकर 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा, ताशी 25 किलोमीटर वेगाने सहज ओलांडता यावा. तुमच्या गल्लीतला मोजून पाहा. उंची असेल, रुंदीचं बोलायला नको. ही दांडगाई मागच्या बुशाच्या वाट्याला येते आणि बऱ्याच गाड्यांत आधी फाटतो तो तोच.

ओळखायचं कसं? मोकळ्या जागी गाडी चालण्याच्या वेगाने पुढे घ्या, ब्रेक दाबा. रिव्हर्स घ्या, पुन्हा दाबा. दोन्ही वेळा एकच जड 'ठक्' आला, तर मागच्या बुशावर संशय घ्या. खडबडीत रस्त्यावर सतत हलकी खडखड येत असेल, तर आधी लिंक रॉड तपासायला सांगा, तो भाग कितीतरी स्वस्त आहे. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढणं आणि टायर आतल्या कडेने खाल्ला जाणं, या दोन्हींमागेही आर्म असू शकतो.

पक्का निकाल जॅकवर लागतो. चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवायचं. प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. प्ले गेला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर बॉल जॉइंटचा संशय. मग बुशाशी टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून आर्म रेटायचा. रबर थोडं हलणारच, वरवरच्या बारीक भेगांनाही घाबरू नका. पण रबर आतल्या धातूच्या नळीपासून सुटलं असेल, तर तो संपला. इनोव्हासारख्या दोन आर्मच्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, तिथे जॅक आर्मखाली लावावा लागतो. नाहीतर स्प्रिंगच्या दाबाने ढिला जॉइंटही घट्ट भासतो, आणि मेकॅनिक "ठीक आहे" म्हणून गाडी सोडून देतो.

बदलायचं ठरलं, की नुसते बुश का अख्खा आर्म, हा प्रश्न येतो. बुश काढायला-बसवायला हायड्रॉलिक प्रेस हवा. हातोड्याने ठोकून बसवलेला बुश तिरका बसतो. बॉल जॉइंट आर्मशीच जोडून येत असेल आणि तोही ढिला असेल, तर अख्खा आर्म घ्यावा. वाकलेला आर्म ठोकून सरळ करून घेऊ नये, मग मेकॅनिक कितीही जुना असो.

नवा भाग घालून महिन्याभरात पुन्हा आवाज येतो तेव्हा दोष डुप्लिकेट मालावर ढकलला जातो. कधी तो खराही असतो. पण बऱ्याचदा चूक आवळण्यात असते. चाक लोंबकळत असताना बोल्ट पक्के आवळले, की बुश त्या अवस्थेत जखडतो. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट आधी हलके लावायचे, गाडीचं वजन चाकांवर आणायचं आणि मग शेवटचा पाना. नंतर अलाइनमेंट. सर्व्हिसिंगनंतर खालून डिझेल किंवा जुनं ऑइल मारून घ्यायची आपल्याकडची हौसही बुशांच्या मुळावर येते. पत्रा गंजत नाही हे खरं, पण तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं.

फाटलेला बुश घेऊन चार दिवस सांभाळून गाडी चालवता येते. ढिल्या बॉल जॉइंटला ती सवलत नाही. गोळी खोबणीतून निसटली, तर चाक फाकतं, गाडी एका कोपऱ्यावर बसते आणि स्टेअरिंगला ती जुमानत नाही. मेकॅनिकने बॉल जॉइंट गेल्याचं सांगितलं, तर "उद्या आणतो" म्हणून गाडी बाहेर काढू नका. तिथेच ठेवा आणि रिक्षाने घरी जा.